दोन जिल्ह्यांतली बाळी

१

सहा वर्षांची सहा पुस्तकं मागवली होती, आली पाचच.

अभिलेख कक्षातल्या कारकुनाने ती टेबलावर रचली, मोजली, पुन्हा मोजली आणि मग तो आत जाऊन शिडीवर चढला. अर्ध्या तासाने उतरला तेव्हा केसांत जळमटं अडकली होती आणि चेहरा पार उतरला होता. नदीकाठच्या एका लहानशा गावाचं, पासष्ट वर्षांपूर्वीचं मृत्यूनोंदीचं पुस्तक जागेवर नव्हतं. आधीच्या वर्षाचं होतं, नंतरच्या वर्षाचंही होतं. मधे बोटभर रुंदीची फट.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकून निलंबित झाला. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

पुस्तक मागायला आलेली बाई एकसष्ट वर्षांची, छत्तीस वर्षं नर्स म्हणून काम करून घरी बसलेली. ओळखीतले सगळे तिला ताई म्हणायचे. तिला त्या कारकुनाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. चार दिवस तिने कळ काढली आणि पाचव्या दिवशी सकाळी ती नकाशेबाईंच्या दारात उभी राहिली.

नकाशेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. भूमापन कचेरीत चाळीस वर्षं सीमारेषा आखण्यात गेली, म्हणून ते चिकटलं. आपलं गाव अमुक साली कोणत्या जिल्ह्यात होतं, हे विचारायला लोक अजून त्यांच्याकडे येत. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती, आणि जीभ तर धार लावल्यासारखी.

"बस. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग नीट सांग," त्या म्हणाल्या.

ताई रडली नाही. तिने सांगायला सुरुवात केली.

तिची आई त्र्याण्णव वर्षांची. दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेली. दिवसातून पन्नास वेळा विचारते, 'बाळी आली का?' घरात बाळी नावाचं कोणी नाही, कधी नव्हतं. आईची मैत्रीण म्हणावी तर तिच्या माहेरचं कोणी उरलेलं नाही. म्हणून ताईने घराण्याची वंशावळ काढायला घेतली. आज गाव ज्या खालच्या जिल्ह्यात आहे, तिथली पुस्तकं पालथी घातली. हाती भोपळा. मग वंशावळी लिहून देणाऱ्या एका मास्तरांनी सांगितलं, की चौसष्ट वर्षांपूर्वी सीमा बदलली, त्याआधी गाव वरच्या जिल्ह्यात होतं, तिथे बघा.

"तिथे जन्माचं पुस्तक मिळालं, बाई. माझ्या आईवडिलांच्या नावावर एक मुलगी नोंदलेली आहे. माझ्या आधी आठ वर्षं. म्हणजे मला एक मोठी बहीण होती, आणि मला एकसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नाही!"

"मग तिथून सीमा बदलेपर्यंतच्या सहा वर्षांची मृत्यूची पुस्तकं मागवलीस."

"हो. जिवंत असेल तर नोंद नसेल, असं म्हटलं. तर नेमकं एक पुस्तक नाही. आणि माझ्या हौसेपायी त्या बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली."

नकाशेबाईंनी चष्मा पुसला. "घराण्याची मुळं खणायला गेलं की कोणाच्या तरी पायाखालची माती सरकतेच. चल, आधी त्याला भेटू."

२

कारकुनाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्याच्या बायकोने उघडलं, तेही फटीएवढंच. शेजाऱ्यांना तिने नवरा रजेवर असल्याचं सांगितलं होतं.

"माझी चूक आहेच," कारकून म्हणाला. "आधीच्या शुक्रवारी एक म्हातारा आला होता. चिठ्ठी भरून दिली, मी पुस्तक काढून दिलं. जेवायची वेळ होती, मी डबा उघडला. परत आलो तर टेबल रिकामं. वाटलं, जोडीच्या कारकुनाने पुस्तक आत ठेवलं असेल. त्याला वाटलं मी ठेवलं."

"म्हातारा दिसायला कसा होता?"

"टोपी, मफलर, खोकला. या थंडीत गावातला प्रत्येक म्हातारा तसाच दिसतो हो."

"आणि साहेबांना काय वाटतं?"

कारकून कसंनुसं हसला. "साहेबांना वाटतं मी ते पुस्तक मास्तरांना दिलं. मास्तरांच्या घरी पूर्वी कचेरीची दोन पुस्तकं सापडली होती ना. आमचं दोघांचं संगनमत आहे म्हणे."

चिठ्ठीची नक्कल त्याने जपून ठेवली होती. वर खोटं नाव. खाली गाव, तालुका, जिल्हा, साल, आणि कोणतं पुस्तक हवं ते. अक्षर मुद्दाम सुटंसुटं काढलेलं.

नकाशेबाई चिठ्ठीकडे इतका वेळ बघत राहिल्या, की कारकुनाच्या बायकोने आणलेला चहा निवून गेला.

"ताई, जन्माच्या पुस्तकात तुझ्या बहिणीचं नाव सापडलं त्याला किती दिवस झाले?"

"सोमवारी सापडलं. त्याच दिवशी मृत्यूची पुस्तकं मागवली."

"आणि ही चिठ्ठी त्याआधीच्या शुक्रवारची." नकाशेबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे ती जन्मली होती की नाही हेच तुला ठाऊक नव्हतं, तेव्हा ती मेली हे कोणाला तरी ठाऊक होतं. कोणत्या साली, तेसुद्धा."

३

मास्तरांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर वंशावळी पसरलेल्या, त्यांवर दगड ठेवलेले. पाहुण्यांना बघताच मास्तर भडकले.

"तुम्हीही मला चोर म्हणायला आलात? ती दोन पुस्तकं मी विसरून आणली होती, विसरून! आणि चोरायचंच असतं तर मी चिठ्ठी कशाला लिहीन? त्या खोलीत मी थेट कपाटापर्यंत जातो, मला कोणी हटकत नाही. मागितलंच, तर पुस्तकाचा नंबर सांगतो. गाव, तालुका, जिल्हा असा पाढा नवखा माणूस लिहितो."

"पटलं," नकाशेबाई म्हणाल्या. एवढ्या लवकर पटलेलं बघून मास्तरांचा हिरमोड झाला.

"हे बघा." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "तालुक्याचं नाव वाचा."

मास्तरांनी कागद खिडकीपाशी नेला. "अरेच्चा. हे तर जुनं नाव. सीमा बदलली तेव्हा तालुकाच मोडला. आता नकाशावर हे नाव सापडायचं नाही. मीही ताईंना फक्त जिल्हा सांगितला होता."

"मग हे कोणाच्या तोंडी असेल?"

"जो तेव्हा तिथे राहत होता त्याच्या. तेव्हा नुकती लिहायला शिकलेली मुलंही आज सत्तरीच्या पुढे असणार."

जिना उतरताना ताई कठड्याला धरून थांबली.

"गाव पूर्वी वरच्या जिल्ह्यात होतं, मी तिकडे शोधणार आहे, हे तू कोणाला सांगितलं होतंस?" नकाशेबाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही." ताईने ओठ चावला. "घरी. जेवताना. गुरुवारी."

"जेवायला कोण कोण होतं?"

"वहिनी," ताई म्हणाली. मग एक पायरी उतरून, "आणि दादा."

४

दादा बहात्तर वर्षांचे. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभी हयात गेलेली. शर्टाच्या खिशाला अजून दोन पेनं. घरात येणाऱ्याला आधी पायपुसणं दाखवणारा माणूस.

आतल्या खोलीतून बारीक, चिरका आवाज आला. "बाळी आली का गं?"

"येईल हं," वहिनी आतून म्हणाल्या. तेच उत्तर त्या दिवसभर देत होत्या.

दादांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तोंडाने मात्र म्हणाले, "आईचं डोकं आता ठिकाणावर नाही. त्यावरून ही वंशावळी काढत बसली. कशाला नसत्या उठाठेवी? बाळी-बिळी कोणी नव्हती."

"दादा, नोंद आहे. मी डोळ्यांनी पाहिली," ताई म्हणाली.

"असेल. त्या काळचे कारकून काय वाट्टेल ते लिहीत."

"तुमचा जन्म गावातलाच ना?" नकाशेबाईंनी सहज विचारलं.

"गावातलाच."

"तेव्हा गाव कोणत्या जिल्ह्यात होतं?"

"खालच्या. पहिल्यापासून खालच्याच."

नकाशेबाई मान डोलावून उठल्या आणि पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"भाऊसाहेब आईंशी फारसं बोलत नाहीत वाटतं?"

"पूर्वी रोज पेपर वाचून दाखवायचे," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्या बाळी-बाळी करायला लागल्या, त्या दिवसापासून यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. जेवण तुटलंय. मी विचारलं तर अंगावर येतात. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नव्हता हो यांनी."

बाहेर रस्त्यावर आल्यावर ताईचा धीर सुटला. "दादाच का? खरं सांगा."

"जन्मगावाचा जिल्हा माणूस आयुष्यात शंभर फॉर्मांवर लिहितो. शाळेत, नोकरीत, पेन्शनला. सीमेच्या आठ वर्षं आधी जन्मलेल्या माणसाच्या प्रत्येक कागदावर वरचा जिल्हा असणार. तो विसरला नाही. त्याने ते नाव माझ्यासमोर घेतलं नाही."

"मग आत्ताच विचारते त्याला! त्या कारकुनाच्या घरात काय चाललंय ते सांगते."

"थांब. तो नाही म्हणेल, पुस्तक जाळेल, आणि सगळंच संपेल. आधी दुसरं पुस्तक शोधू."

"दुसरं? दुसरं कुठे आहे?"

"अगं, वरच्या जिल्ह्यात होती ती नक्कल. अस्सल वही गावच्या चावडीत असायची. सीमा बदलली तेव्हा गाव आपलं दप्तर घेऊन खालच्या जिल्ह्यात गेलं."

"पण खालच्या जिल्ह्यात मी सगळं पाहिलं. नव्हतं."

"तू आजच्या तालुक्यात पाहिलंस," नकाशेबाई म्हणाल्या. "मधली तीन वर्षं ते गाव तिसऱ्याच तालुक्याला जोडलं होतं. ती रेघ मीच पुसली होती, नोकरीला लागल्यावर. माणसं घर सोडत नाहीत गं, कागदच वणवण फिरतात."

५

तिसऱ्या तालुक्याच्या कचेरीत जुनी दप्तरं तळघरात होती. भिंतींना ओल आलेली, दिवा एकच. तिथल्या शिपायाने कापडात बांधलेले सतरा गठ्ठे समोर टाकले आणि नाकाला रुमाल लावून तो बाहेर जाऊन बसला.

अकराव्या गठ्ठ्यात वही सापडली. काठ वाळवीने खाल्लेले, मजकूर शाबूत. नकाशेबाईंनी रकाने मोजले. नकलेच्या छापील नमुन्यात पाच रकाने असत: क्रमांक, तारीख, नाव, वय, बापाचं नाव. इथे आठ होते.

ताईने ओळ शोधली. बोट थांबलं. तिने पुढचे तीन रकाने वाचले, मग वरच्या ओळी वाचल्या, खालच्या वाचल्या, पान उलटून मागचंही वाचलं. छत्तीस वर्षांत तिने कितीतरी लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. आता तिने वही नकाशेबाईंकडे सरकवली.

"बाई, यात चोरण्यासारखं काहीच नाही," ती म्हणाली. "दादाने हे का लपवलं?"

"त्याने हे पाहिलेलंच नाही," नकाशेबाई म्हणाल्या. "त्याच्याकडे पाचच रकाने आहेत."

त्यांनी नियमाप्रमाणे त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत मागितली. ती हातात पडायला साडेतीन तास लागले. दोघी बाकावर बसून राहिल्या.

६

दादा गॅलरीत बसले होते. ताईने नकाशेबाईंबरोबर आत येऊन दार लोटलं.

"दादा, पुस्तक कुठे आहे?"

"कुठलं पुस्तक?"

"त्या कारकुनाची बायको दार उघडत नाही, दादा. लाजेने. अजून किती दिवस?"

दादांनी नकाशेबाईंकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग उठले, कपाटाच्या माथ्यावरून टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"जाळायला काढलं होतं," ते म्हणाले. "दोनदा. पण तिचं नाव आहे त्यात. तेवढंच तर उरलंय तिचं."

"तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी मारलं म्हणून सांगू?"

वहिनींच्या हातातलं भांडं खाली पडलं. कोणी उचललं नाही.

दादा बोलायला लागले तेव्हा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. ते सात वर्षांचे होते, बाळी चारची. आईने सांगितलं होतं, हिच्याकडे लक्ष ठेव, घाटावर नेऊ नकोस. त्यांनी नेलं. पोरांबरोबर दगड फेकण्यात रंगले, आणि मागे वळून पाहिलं तर बाळी पाण्यात. एका नावाड्याने ओढून काढली. घरी आणली तेव्हा थंडीने दात वाजत होते. त्याच रात्री ताप चढला. सकाळी वडिलांनी एक शब्द न बोलता दादांना मामाच्या गावी नेऊन टाकलं.

"दीड महिन्याने परत आणलं. बाळी नव्हती. तिची भातुकली नव्हती, कपडे नव्हते, काही नव्हतं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, तिचं नाव या घरात काढायचं नाही. वर्षाच्या आत आम्ही गाव सोडलं. मला कळायचं ते कळलं. माझं तोंड बघवत नव्हतं, म्हणून मला घालवलं होतं. माझ्यामुळे तिचं नावही पुसलं. पासष्ट वर्षं आईने एका शब्दाने विचारलं नाही, आणि आता दिवसातून पन्नास वेळा विचारते. मी काय उत्तर देऊ तिला?"

ताईने शिक्क्याची प्रत त्यांच्यापुढे धरली. "वाच."

"चष्मा..."

"मी वाचते. कारण: घटसर्प. आजाराचे दिवस: नऊ." तिने वर पाहिलं. "मी छत्तीस वर्षं नर्स होते, दादा. पाण्यात पडून घटसर्प होत नाही. गळ्यात रोग बसला की ताप यायला दोन ते पाच दिवस लागतात. ती पाण्यात पडली तेव्हा आजार तिच्या अंगात आधीच होता. त्याच गावातली आणखी पाच मुलं त्या पंधरवड्यात याच रोगाने गेली. सगळी याच पानावर आणि मागच्या पानावर आहेत. त्यातली दोघं बाळीच्याही आधी. ती कोणी घाटावर नेली नव्हती."

दादा खुर्चीत बसले.

"आणि हा शेवटचा रकाना. शेरा." ती प्रत्येक शब्द सुटा वाचत गेली. "घरातील दुसरे मूल आजाराच्या दुसऱ्या दिवशी परगावी हलविले. निरोगी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला घालवलं नव्हतं रे. तुला जगवलं होतं."

दादांनी प्रत हातात घेतली आणि चष्म्याशिवायच तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींमधल्या चुका शोधलेला माणूस. मग म्हणाले, "मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"तू विचारलंस का?" ताईचा आवाज चढला. ती रागावलेली होती, आणि राग आवरायचा तिने प्रयत्न केला नाही. "तू विचारलं नाहीस, त्यांनी सांगितलं नाही. मी तर या घरात जन्मले आणि मला कोणी बहीणच दिली नाही! जा, अजून आई आहे. आत जाऊन विचार."

दादा आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आई झोपली होती. तोंड उघडं, श्वास घरघरत होता. "झोपलीय," ते म्हणाले. "सकाळी विचारतो."

सकाळी आई शुद्धीवर नव्हती.

७

त्याच दिवशी दादा पुस्तक घेऊन अभिलेख कक्षात गेले. लेखी कबुली दिली, तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता. साहेबांनी पोलिसांत कळवायचं ते कळवलं. तारीख पडेल तेव्हा पडेल. कारकुनाचं निलंबन उठलं, पण पुस्तक त्याच्या टेबलावरून गेलं होतं, तेव्हा ठपका कायम राहिला आणि सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ पडली. ती काही पुसली जाणार नव्हती.

दादा त्याच्या घरीही गेले. या वेळी दार त्याने स्वतः उघडलं.

"माफी मागायला आलोय."

"मागा," कारकून म्हणाला. "मी ऐकतो. पण 'असू द्या' म्हणायला मला सांगू नका. माझी बायको अजून दुसऱ्या रस्त्याने भाजी आणायला जाते."

दादांनी मान खाली घातली आणि माफी मागितली. कारकुनाने ऐकून घेतली, दार लावलं.

आई चौथ्या दिवशी दुपारी गेली. ते चारही दिवस दादा तिच्या उशाशी होते. तिच्या कानाशी वाकून त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिने डोळे उघडले नाहीत. आपल्या मुलाला तिने कधी दोष दिला होता की नाही, हे कळायचा मार्ग तिच्याबरोबर संपला. ते कोणत्याच जिल्ह्याच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आठवड्याने नकाशेबाई भेटायला आल्या, तेव्हा भाऊ-बहीण टेबलाशी बसले होते. समोर वारसनोंदीचा फॉर्म होता. ताईला अजून दादाशी नीट बोलता येत नव्हतं. पण ती त्याच्या शेजारी बसली होती.

दादांनी वरचे सगळे रकाने भरले. एका ओळीशी पेन थांबलं. 'मृत व्यक्तीची अपत्ये.' त्यांनी नकाशेबाईंकडे पाहिलं.

"इथे फक्त हयात मुलं लिहायची असतात का हो?"

"तसं कुठे छापलंय?" नकाशेबाई म्हणाल्या.

दादांनी आकडा लिहिला, तीन. मग खालच्या जागेत सुवाच्य अक्षरात नावं लिहायला घेतली, वयाच्या क्रमाने. पहिलं स्वतःचं लिहिलं. दुसरं नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. ताई तोवर कागद दोन्ही हातांनी धरून राहिली, हलू नये म्हणून.